आता तुझा तू

कासू गाव कधी मागं पडलं ते पुंडलिकला कळलंच नाही. हात सायकलच्या हँडलवर होते, पाय फिरत होते, भुवईवरून घामाचा थेंब डोळ्यात उतरून चुरचुरत होता, आणि समोर नागोठण्याच्या अलीकडचा तो निळ्या पत्र्याचा ढाबा उभा होता. वडखळचा फाटा त्याला आठवत होता. फाट्यावर एका कंटेनरनं तोंडावर धूळ उडवली म्हणून तो कडेला थांबला, नाकावर रुमाल बांधला, पाण्याचा घोट घेतला, पुन्हा टांग मारली. त्यानंतर एकदम हा ढाबा. मधलं काहीच नाही. कासूचं स्टेशन नाही, रुळांच्या कडेची कापणी झालेली खाचरं नाहीत, रस्ता फोडून ठेवलेला तो पट्टा नाही, जिथं दर खेपेला उतरून सायकल हातात धरून चालावं लागायचं. त्यानं खाली पाहिलं. बुटांना टँकरच्या पाण्यानं भिजलेली तांबडी माती लागली होती. म्हणजे तो उतरला होता, चालला होता, पुन्हा बसला होता. रुमाल नाकावर नव्हता. तो खिशात होता, चौकोनी घडी घातलेला. पुंडलिकनं ब्रेक दाबला आणि एक पाय जमिनीला टेकवून तो तसाच उभा राहिला. ढाब्यावरच्या माणसानं विचारलं, "काका, चहा?" त्यानं मान हलवली, हो की नाही, ते त्याचं त्यालाही समजलं नाही.

होतं असं. रोजच्या रस्त्यावर कुणाचंही होतं. कंपनीत नाइट शिफ्ट करून तो धाटावहून अष्टमीला घरी यायचा तेव्हा कुंडलिकेवरचा पूल कितीदा ध्यानातही यायचा नाही. त्यानं स्वतःला हे सांगितलं, आणि सांगतानाच त्याला कळत होतं, की हे ते नव्हे. तेव्हा पूल आठवायचा नाही, पण आपण आलो हे आठवायचं. डोक्यात काहीतरी चाललेलं असायचं, पगारवाढ, रितेशची परीक्षा, दुखरी दाढ. आज डोक्यात काय चाललं होतं? त्यानं हात घालून चाचपल्यासारखं मागं जाऊन पाहिलं. हाताला काही लागलं नाही. कोरी जागासुद्धा लागली नाही. फाटा आणि ढाबा एकमेकांना चिकटून होते, आणि त्या दोहोंच्या मधून कोणीतरी सायकल नीट, सांभाळून, खड्डे चुकवून, रुमालाची घडी घालून इथवर आणली होती.

आणि हे नेमकं त्या दिवशी व्हावं! त्या दिवशी सकाळी तो पेणला होता, आदर्शच्या व्यायामशाळेत. आदर्श तिशीतला पोरगा, स्वतः दोनदा ट्रायथलॉन केलेला, पुंडलिकच्या मुलाचा, रितेशचा, मित्र. पुंडलिक त्रेसष्टचा. फेब्रुवारीच्या अखेरीला किनाऱ्यावर स्पर्धा होती; आधी समुद्रात पोहणं, मग सायकल, मग धावणं, तिन्ही एका दमात. साठीवरच्यांचा वेगळा गट. पुंडलिक आणि त्याचा कंपनीतला जुना जोडीदार नाथा, दोघांनी नावं घातली होती, आणि आदर्श त्यांच्या सरावाची आखणी करत होता. "काका, पंचविशीतल्या पोराला रोज मार दिला तरी चालतो," तो म्हणाला होता. "तुम्हाला एक दिवस मार, दोन दिवस मलम. तीन आठवडे चढ, चौथा आठवडा उतार. उताराच्या आठवड्यात तुम्हाला वाटेल अंगात ताकद हाय, आपण आणखी करावं. ते करायचं नाय. या वयात शरीर विश्रांतीत बनतं." वजनं किती उचलायची, गुडघ्यासाठी काय, झोप किती, सायकलवरून उतरल्यावर जड झालेल्या पायांनी धावायचा सराव कधी सुरू करायचा, सगळं त्यानं समजावलं. पुंडलिकला ते ऐकताना फार बरं वाटत होतं. आयुष्यभर त्यानं कंपनीत पॅनेलसमोर बसून आकडे वर-खाली होताना पाहिले होते. इथं त्याचं स्वतःचं शरीर असं हळूहळू, आखल्याप्रमाणं, चढत जाणार होतं. शेवटी आदर्शनं विचारलं, "चक्कर, छातीत दुखणं, कधी भान हरपणं, असलं काय?"

"नाय रे," पुंडलिक म्हणाला होता. ते खरं होतं. सकाळी ते खरं होतं.

"आणि पोहायला एकट्यानं उतरायचं नाय. कधीच नाय. एक पाण्यात, तर दुसऱ्याचा डोळा त्याच्यावर."

घरी आल्यावर सरूनं गरम पाणी काढून दिलं. "दमलात?" तिनं विचारलं. तो म्हणाला, "नाय गो, ऊन होतं." अंघोळीला बसल्यावर त्याच्या लक्षात आलं, की आपण सरूला सांगणार नाही आहोत. निर्णय घेतला असं काही नव्हतं. तो घेऊनच ठेवलेला होता, फक्त त्याला आत्ता दिसला. पाणी अंगावर ओतताना त्याला त्याचा बाप आठवला.

जनू घरत. धरमतरच्या खाडीकाठी मिठागरावर उभा जन्म गेलेला माणूस. उन्हानं डोळे बारीक झालेले, पायाच्या भेगांत मीठ मुरलेलं. खाडीचा बांध त्याला अंधारात पायांनी कळायचा. त्याच जनूला एके दिवशी भरदुपारी गावातली माणसं हाताला धरून घरी घेऊन आली. तो उघाडीपाशी उभा होता, जिथून भरतीचं पाणी आत घेतात तिथं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होता, "बांध कोणी हलवला?" लोक म्हणाले, चकवा लागला. पुंडलिकच्या आईनं, बायजाबाईनं, मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. जनू रात्रीपर्यंत ठीक झाला, जेवला, हसला. पुढच्या महिन्यात पुन्हा बांध हलला. मग वरचेवर हलायला लागला. पुंडलिकचं तेव्हा नवं लग्न झालं होतं, कंपनीत नुकता परमनंट झाला होता. तो सुट्टीला गावी जायचा तेव्हा बाप त्याच्याकडे पाहून आधी सभ्यपणे हसायचा, ओळख नसलेल्या पाहुण्याकडे पाहून हसावं तसा. त्या हसण्याची पुंडलिकनं जितकी धास्ती घेतली तितकी कधी मरणाचीही घेतली नव्हती. निवृत्तीनंतर तो पळायला लागला, सायकल घेतली, तेव्हा लोकांना वाटलं हौस आहे. ती हौस नव्हती. शरीर कामाला लावून ठेवलं, दमवलं, घासूनपुसून लखलखीत ठेवलं, तर आत काही गंजणार नाही, अशी त्याची समजूत होती; आणि ती समजूत त्यानं कुणाला, स्वतःलासुद्धा, उघडून दाखवली नव्हती.

त्यानं आखणी पाळायला घेतली ती अशी, की आदर्शनंच फोन करून सांगावं, काका, जरा ढिल्यानं घ्या. पहाटे अष्टमीतून निघून पूल ओलांडून रोह्यात, नदीच्या कडेकडेनं, परत. एक दिवस आड सायकल. संध्याकाळी ओसरीवर वजनं. मेथीचे लाडू बंद, रात्रीचा भात निम्मा. आणि प्रत्येक वेळी, पळताना, पेडल मारताना, तो एक काम आणखी करत होता: स्वतःवर पहारा. हा मारुतीचा पार, ही पिठाची गिरण, हा पुलाचा पहिला खांब. मनातल्या मनात तो नावं घेत जायचा, जसा शिफ्ट संपल्यावर चार्ज देताना एक ऑपरेटर दुसऱ्याला सांगतो, हा व्हॉल्व्ह उघडा आहे, ही टाकी निम्मी आहे. कंपनीत नियम होता, बदली माणूस आल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही, आणि आल्यावर सगळं तोंडी सांगितल्याशिवाय उठायचं नाही. पुंडलिकनं तो नियम एकदाही मोडला नव्हता. आता रात्री झोप लागण्याआधी त्याला वाटायचं, आपल्या मागं कोणीतरी उभा आहे, वाट बघत, तोंडातून एक शब्द न काढता. त्याला काही सांगावं लागत नाही. त्याला सगळं आधीच ठाऊक आहे.

डिसेंबरच्या सुरुवातीला एका सकाळी तो पुलावर कठड्याला टेकून उभा होता. खाली कुंडलिकेवर धुकं होतं. हातात कोथिंबिरीची जुडी होती, ओली, दोऱ्यानं बांधलेली. ती कुठून घेतली, कोणाकडून, पैसे दिले की नाही, त्याला काही आठवेना. घरी येऊन त्यानं ती ओट्यावर ठेवली. सरूनं जुडीकडे पाहिलं, मग टोपलीकडे. टोपलीत तशीच एक जुडी होती. "ही पण?" ती म्हणाली. तो हसला, "ताजी दिसली, घेतली." तीही हसली आणि कोथिंबीर निवडायला बसली. त्या हसण्यात काही नव्हतं; इतकं काही नव्हतं, की तो बराच वेळ तिच्या पाठीकडे पाहत राहिला.

स्पर्धेसाठी डॉक्टरचा दाखला लागत होता. रोह्यातल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली, ईसीजीची पट्टी काढली, रक्त तपासलं, आणि म्हणाले, "घरत, चाळिशीतल्या माणसाचं हृदय आहे तुमचं." मग मान खाली घालून लिहिता लिहिता त्यांनी तोच प्रश्न विचारला, जो आदर्शनं विचारला होता. पुंडलिकला वाटलं, आता आपण सांगू. शब्द तोंडात आलेही. पण दाराबाहेर नाथा बाकावर बसला होता, दाखला खिशात घालून आधीच मोकळा झालेला, कंपाउंडरला काहीतरी सांगून हसवत; आणि त्याच्या हसण्याचा आवाज आत येत होता. "नाय," पुंडलिक म्हणाला. आता ते खोटं होतं.

नाथा वालेकर. रोह्याच्या आतल्या गावचा, भात आणि वाल पिकवणाऱ्या घरातला, कंपनीत फिटर. बायको गेल्यावर वर्षभर तो दाढीसुद्धा करत नव्हता. पुंडलिकनं त्याला घराबाहेर ओढला, चालायला लावला, मग पळायला, आणि एक दिवस नाथा स्वतःच म्हणाला, "पुंड्या, मला पोहायला शिकव." साठ वर्षांचा माणूस, ज्यानं जन्मात गुडघ्याच्या वर पाण्यात पाय घातला नव्हता. तळ्यात त्याच्या पोटाखाली हात धरून पुंडलिकनं त्याला दोन उन्हाळे तरंगवलं. नाथाचं भय गेलं नाही. पण पुंडलिक डाव्या हाताला असला की त्याला भय घेऊन पोहता यायला लागलं. मान पाण्याबाहेर काढली की तो आधी डावीकडे बघायचा. पुंडलिक दिसला की पुढचा हात मारायचा. समुद्रात उतरायचं तर खाऱ्या, हलत्या पाण्याची सवय हवी, म्हणून डिसेंबरापासून दर आठवड्याला पुंडलिक त्याला गाडीत घालून आपल्या गावच्या खाडीवर आणू लागला.

तिथं त्याला प्रत्येक गोष्टीचा भरवसा होता. भरती पुरी भरली की पाणी थोडा वेळ उभं राहतं, ना आत ना बाहेर, तेवढ्यात उतरायचं. उघाडीपासून जुन्या दगडी धक्क्यापर्यंत जायचं, वळायचं, ओहोटी लागायच्या आत बांधावर यायचं. एकदा ओहोटी लागली, की पाणी माणसाला खाली मालवाहू बार्जच्या जेट्टीकडे ओढतं, आणि तिथं लोखंड, दोर, प्रोपेलर. पुंडलिकनं हे नाथाला इतक्यांदा सांगितलं होतं, की तो त्याची नक्कल करून दाखवायचा.

त्या दिवशी आभाळ पांढरट होतं, ऊन असूनही नसल्यासारखं. बांधावर चपला काढताना नाथा म्हणाला, "आज पाणी काळं दिसतंय रे."

"रोजचंच हाय."

"तू डावीकडं राहशील नं?"

"मग काय उजवीकडं?"

दोघांनी कमरेला नारिंगी फुगे बांधले आणि उतरले. पाणी थंड होतं, पायाखालचा चिखल रेशमासारखा घसरला आणि सुटला. पुंडलिकनं पहिले हात मारले. मनातली नावं सुरू झाली: ही उघाडी, ही खारफुटीची पहिली झुडपं, हा नाथाचा खांदा, हे नाथाचं तोंड, उघडं, माशासारखं. मागं बांधावर बगळे बसले होते. नाथानं डावीकडे पाहिलं, पुंडलिकनं मान डोलावली. पुढं दगडी धक्का दिसायला लागला, शेवाळानं हिरवा झालेला, आणि त्याच्या वरच्या पायरीवर कोणाचं तरी जाळं वाळत घातलेलं.

शर्टाचं वरचं बटण गळ्याला काचत होतं.

पुंडलिकनं ते काढलं. तो बांधावर बसला होता. केस जवळजवळ वाळले होते. टॉवेल शेजारी दगडावर पसरलेला, त्याची टोकं जुळवलेली. चष्मा डोळ्यांवर होता. पाणी समोर होतं, पण ते मघाचं पाणी नव्हतं. ते खाली उतरलं होतं, काठाचा चिखल उघडा पडून चमकत होता, आणि मधल्या धारेत काटक्या, फेस, एक प्लास्टिकची बाटली, सगळं एकाच दिशेनं, जेट्टीच्या दिशेनं, घाईनं निघालं होतं. शेजारी त्याच्या चपलांच्या जागी काही नव्हतं, कारण त्या त्याच्या पायांत होत्या. त्यांच्या पलीकडे नाथाच्या चपला होत्या. नीट, जोडीनं.

पुंडलिक उभा राहिला. हाक मारायची होती, पण नाव येईना. काय नाव? गोल चेहरा, हसणारं तोंड, पोटाखाली धरलेल्या हातावरचं वजन, सगळं आलं. नाव आलं नाही. तो बांधावरून पळत सुटला. पळता पळता नाव आलं आणि तो ओरडला, "नाथा! नाथा!" बगळे उडाले. खारफुटीत काही हललं नाही. नारिंगी असं कुठंच काही नव्हतं. दूर जेट्टीला लागलेली बार्ज गंजून लाल झालेली, भिंतीसारखी उभी होती आणि तिच्याखाली पाणी काळं होऊन वळत होतं. पुंडलिक बांध उतरला, चिखलात मांडीपर्यंत रुतला, निघाला, पुन्हा रुतला. त्याच्या मनात एकच गोष्ट घोळत होती आणि तिची त्याला लाज वाटत होती: मी नव्हतो. मी इथं नव्हतो. हे कोणाला सांगणार? कोण ऐकणार? शर्टाची बटणं लावलेला, केस वाळलेला माणूस सांगतोय, मी नव्हतो.

"पुंड्या!"

हाक वरून आली, बांधावरून. जेट्टीच्या बाजूनं नाथा चालत येत होता. अनवाणी, छातीपर्यंत चिखलानं माखलेला, फुटलेला फुगा हातात लोंबत, कोपरातून रक्त येत असलेला. आणि तो हसत होता. हसत होता की रडत होता ते जवळ आल्यावरही कळेना. त्यानं चिखलातून पुंडलिकला हात देऊन वर ओढला आणि कडकडून मिठी मारली. "मेल्या, जीव घेतला असतास माझा! पण आलो! बघ, आलो! एकटा आलो!"

नाथा थांबायलाच तयार नव्हता. "धक्क्याला हात लावला नं आपण? मी म्हटलं, चल, वळू. तू माझ्याकडं पाहिलंस. शांत. बोललास, 'आता तुझा तू.' आणि वळलास नि निघून गेलास. मी हाका मारतोय, बघत पण नाय. मी म्हटलं, मस्करी करतोय. मग तू बांधावर चढलास, टॉवेल घेतलास. मी शिव्या दिल्या तुला, देवाशपथ, आईवरून दिल्या. पाणी ओढायला लागलं. दोनदा खाली गेलो. मग आतून काय वाटलं काय माहीत, म्हटलं, पुंड्यानं काय तरी विचार करूनच सोडलंय आपल्याला. डावीकडं बघायचं बंद केलं. आणि मारले हात. जेट्टीच्या अलीकडं चिखलात लागलो. बार्जवरचा पोरगा दोर टाकत होता, मी म्हटलं, नको!" त्यानं पुंडलिकचे खांदे धरून हलवले. "दोन वर्षं धरून शिकवलंस, ते नाय झालं. आज सोडलंस, ते झालं."

वडखळच्या फाट्यावर टपरीत बसून नाथानं दोन वडे खाल्ले. पुंडलिकनं चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरून ठेवला होता. नाथानं मुलीला, प्रतीक्षाला, फोन लावला. ती पनवेलला असते. तिला सगळं सांगितलं, ओढ जास्त करून, रक्त कमी करून, आणि मग फोन पुंडलिकच्या हातात कोंबला. "काका," प्रतीक्षाचा आवाज भरून आला होता, "आई गेल्यापासून बाबांचा असा आवाज मी ऐकलाच नव्हता. तुमच्यामुळं. तुम्ही हात धरलात त्यांचा, आणि सोडलात पण बरोबर वेळेला." पुंडलिक म्हणाला, "अगं, नाय, मी काय..." आणि त्यानं फोन नाथाला परत दिला. समोर नाथा बोटाला लागलेली चटणी चाटत होता. चेहरा धुतलेल्या भांड्यासारखा. गप्प राहायचं. बस, इतकंच करायचं होतं. गप्प राहिलं, की हे सगळं असंच राहणार होतं: हा शिकवणारा, तो शिकलेला, फेब्रुवारीत दोघं मिळून समुद्रात. पुढच्या आठवड्यात पुन्हा खाडी. नाथा त्याच्या भरवशावर उतरणार, आता तर आणखी निर्धास्त. आणि धक्क्यापाशी त्याच्याकडे शांतपणे पाहणारा तो कोण असेल, ते पुंडलिकला आधी कळणार नव्हतं.

"नाथा, मी तुला सोडलं नाय."

"म्हणजे?"

"मला माहीत नाय. धक्का दिसला इतकं आठवतंय. मग बांधावर बसलो होतो. मधलं मला काय माहीत नाय. मी ते बोललो, ते पण आत्ता तुझ्याकडनं ऐकलं."

नाथा हसायला लागला आणि मध्येच थांबला. पुंडलिकनं त्याला ढाब्याचं सांगितलं, पुलाचं सांगितलं, डॉक्टरांना काय उत्तर दिलं ते सांगितलं. बोलताना तो टपरीच्या टेबलावरच्या ओल्या वर्तुळाकडे पाहत होता. ट्रक जात होते, टपरीचा पत्रा थरथरत होता. मग नाथानं विचारलं, अगदी हळू, "म्हणजे मी बुडत होतो तेव्हा तिथं कोणी नव्हतंच?"

पुंडलिकनं ग्लास त्या ओल्या वर्तुळावर ठेवला.

"तुला हे ठाऊक होतं. आणि तू मला पाण्यात नेलंस." नाथाचा चेहरा उतरत गेला, वय परत आलं त्यावर, कोपराचं रक्त त्यानं पहिल्यांदाच पाहिल्यासारखं पाहिलं. त्यानं हात पुढं केला. "चावी दे."

परतीच्या वाटेवर गाडी नाथानं चालवली. शिवी नाही, प्रश्न नाही. अष्टमीत घराशी गाडी लावून त्यानं चावी पुंडलिकच्या हातात न देता सरूच्या हातात दिली, आणि म्हणाला, "वैनी, याला सांगायला लावा." मग तो वळला आणि पायीच पुलाकडे निघाला.

सरू ओसरीवर वाल सोलत बसली होती. भिजवलेले, मोड आलेले कडवे वाल, परातीत सालांचा ढीग. पुंडलिक तिच्यासमोर पायरीवर बसला आणि सगळं सांगितलं. सांगून झालं तरी तिचा हात थांबला नाही. दाणा चिमटीत धरायचा, दाबायचा, साल एकीकडे, डाळ एकीकडे.

"तुला काय वाटत नाय?" तो म्हणाला.

"मला माहीत हाय," सरू म्हणाली.

"कधीपासनं?"

"दिवाळीच्या आधीपासनं. तुम्ही दुपारचे बाहेरून आलात आणि दारातच उभे राहिलात. मला बोललात, 'बाई, घरात कोणी हाय का?' मला वाटलं थट्टा करताय. मग तुमचे डोळे बघितले. मी म्हटलं, 'येतील आत्ता, बसा.' तुम्ही बसलात. पाणी प्यायलात. पेला उपडा घातलात, पाहुण्यासारखा. मग जरा वेळानं बोललात, 'चहा टाक गो.'"

"किती वेळा असं?"

सरूनं पुढचा दाणा चिमटीत घेतला.

"मला का नाय सांगितलंस?"

तेव्हा तिचा हात थांबला. "मामंजींना सांगितलं होतं नं आपण? तुम्हीच त्यांना सांगितलंत, की दादा, तुमचं असं असं होतंय. त्या दिवसापासनं ते ओट्यावरून उठले नाहीत. बांधावर जायचे, मिठाला हात लावायचे, सगळं सुटलं. सहा महिने भिंतीकडं बघत बसले नि गेले. मी केलंय त्यांचं." तिनं पदरानं नाक पुसलं. "आणि तुम्ही पहाटे बूट बांधून निघायचात. पोरासारखे. मला वाटलं, जितके दिवस पळतायत तितके दिवस पळू देत. पाण्यात दुसऱ्याचा जीव तुमच्या हातात असतो, हे माझ्या ध्यानात नाय आलं. ती चूक माझी."

"तुझी नाय."

"उद्या रितेशला बोलावते. मुंबईला दाखवू."

त्यानं मान हलवली. आदर्शला फोन करून नाव काढायला सांगायचं होतं. नाथाकडे जायचं होतं, नाथानं दार उघडलं तर. हे सगळं उद्या. अंगाला खाडीचा चिखल वाळून तटतटत होता. तो उठला, मागच्या दारी गेला, बादलीभर पाणी अंगावर घेतलं, मांडीवरचा चिखल नखांनी खरवडून काढला, कोरडे कपडे घातले. पाणी कानात गेलं होतं. एका पायावर उड्या मारून त्यानं ते काढलं. उंबऱ्यापाशी येऊन उभा राहिला तेव्हा बाहेर ऊन तिरपं झालं होतं आणि सरू पाठमोरी होती, तिच्या मानेवरचे पांढरे केस अंबाड्यातून सुटलेले.

"सरू," त्यानं हाक मारली.

ती वळली. लगेच ओ दिली नाही. हातातला दाणा तसाच धरून ती त्याच्याकडे बघत राहिली, आधी डोळ्यांकडे, मग तोंडाकडे, पुन्हा डोळ्यांकडे, सावकाश, बाजारात नाणं उलटसुलट करून बघावं तशी. ही नजर नवी नव्हती. गेले कितीतरी दिवस प्रत्येक हाकेला ती आधी अशी बघत होती, आणि तो समजत होता, हिला ऐकू कमी यायला लागलं. पुंडलिक उंबऱ्यावर खिळून उभा राहिला. तिला काय दिसतंय याची वाट बघत राहिला.

मग सरू म्हणाली, "बोला."